ड्रायर फिरेना? आधी भिंतीकडे पाहा

पावसाळ्यात चाळीतल्या बाईला दोन गोष्टींची धास्ती असते. एक गळके छप्पर आणि दुसरी न वाळणारे कपडे. म्हणूनच आज कष्टकऱ्यांच्या घरातही हप्त्याने घेतलेले दोन टबांचे वॉशिंग मशीन दिसते. एका टबात कपडे धुवायचे, दुसऱ्यात पिळायचे. या दुसऱ्या टबाला आपण ड्रायर म्हणतो. वास्तविक तो कपडे वाळवत नाही. मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेऊन तो कपड्यांतले पाणी काढून टाकतो. पण तेवढ्यावरही रात्री धुतलेला गणवेश सकाळी मुलाच्या अंगावर चढतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनींचा ड्रायर बंद पडला. वहिनी एका रुग्णालयात आया आहेत. रोज धुतलेला गणवेश घालूनच कामावर जावे लागते. एक दुरुस्तीवाला आला. मशीन न उघडताच म्हणाला, "मोटर जळाली, अडीच हजार लागतील." वहिनी आमच्याकडे आल्या त्या पतपेढीच्या कर्जाचा अर्ज लिहून घ्यायला. आम्ही म्हटले, "वहिनी, अर्ज नंतर लिहू. आधी मशीन बघू."

आम्ही पडलो कारकून. विजेचे शिक्षण आम्हाला नाही. पण हिशेब जुळला नाही तर काय करायचे, ते ठाऊक आहे. सगळी वही फाडायची नसते. जिथपर्यंत आकडे बरोबर आहेत तिथून एकेक नोंद तपासत पुढे जायचे. वीजही अशीच भिंतीतून निघून टप्प्याटप्प्याने मोटरीपर्यंत जाते. ती कुठल्या टप्प्यावर अडली, एवढेच शोधायचे.

प्रथम हात कोरडे करावेत, पायात चप्पल घालावी, जमिनीवर पाणी असल्यास पुसावे. मग मीटरजवळच्या पेटीतील एमसीबी पाहावा. खटका पडला असेल तर मशीनचा प्लग काढून तो एकदाच वर करावा. प्लग लावताच पुन्हा पडला, तर कुठेतरी दोष आहे असे समजून वायरमनला बोलवावे. खटका दाबून धरण्याचा हट्ट करू नये.

एमसीबी ठीक असेल तर त्याच सॉकेटमध्ये टेबलफॅन लावून पाहावा. फॅन फिरला नाही तर दोष सॉकेटचा किंवा बटणाचा, मशीन निर्दोष. फॅन फिरला तर मशीनच्या प्लगकडे वळावे. पिना काळ्या पडल्या आहेत का, जळका वास येतो का, वायर कुठे चेपली आहे का, ते बघावे. मशीन एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नये. भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच लावावे. ओल्या जागेतल्या यंत्राला अर्थिंग नसणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आता सर्वांत सोपी परीक्षा. धुण्याच्या टबाचा टायमर फिरवावा. दोन्ही टबांना वीज एकाच वायरीने येते. धुण्याचा टब चालू झाला, तर भिंतीपासून मशीनपर्यंत सारे ठीक आहे आणि दोष ड्रायरच्या बाजूलाच आहे. वहिनींकडे नेमके हेच निघाले. टायमरची टिकटिक ऐकून मात्र फसू नये. बहुतेक मशीनमध्ये तो चावीच्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो. वीज नसली तरी टिकटिकतो.

मग ड्रायरला कान द्यावा. 'घुंऽऽ' असा आवाज येतो पण टब फिरत नाही, तर वीज मोटरीपर्यंत पोहोचते आहे. अशा वेळी टायमर लगेच बंद करावा, नाहीतर मोटर तापून खरोखरच जळेल. प्लग काढून टबाच्या फटीत मोजा किंवा रुमाल अडकला आहे का ते पाहावे. तसे नसेल तर कपॅसिटर गेला असेल किंवा ब्रेक अडकला असेल. काहीच आवाज नसेल तर वीजच पोहोचत नाही. खूप कपडे पिळून झाल्यावर मशीन थांबले असेल तर तासभर थांबावे. पुष्कळ मोटरी जास्त तापल्या की आपोआप बंद होतात आणि थंड झाल्यावर चालतात. एरवी संशयित तीन: झाकणाखालचा स्विच, टायमर आणि तुटलेली वायर. खालून उंदीर शिरून वायरी कुरतडतात, हे आपल्या वस्त्यांत नेहमीचे आहे.

यापुढे आपण हात घालू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते व तिचा झटका बसतो.

वहिनींचा ड्रायर मुका होता. आम्ही दुसरा कारागीर आणला. त्याने मीटर लावून दाखवले, मोटर उत्तम, झाकणाचा स्विच गेलेला. म्हणाला, "सुटा भाग मिळायला वेळ लागेल. डायरेक्ट करून देतो." त्याने स्विचच्या दोन वायरी जोडल्या, दोनशे रुपये घेतले, ड्रायर फिरू लागला. वहिनींनी चहा केला. आम्हीही त्याची पाठ थोपटली.

आठ दिवसांनी वहिनींच्या धाकट्याने शर्ट काढायला झाकण उघडले. टब फिरतच होता. त्याने हात घातला, शर्टाची बाही धरली आणि ती त्याच्या हातातून हिसकली गेली. बाही फाटली, बोटे वाचली. पोर भिंतीला टेकून थरथरत होते. वहिनी आम्हाला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

झाकण उघडताच वीज तोडणे, एवढेच त्या स्विचचे काम. तो 'डायरेक्ट' करणे म्हणजे राखणदाराला कामावरून काढून दार उघडे ठेवणे. कारागिराने सुचवले हे खरे, पण मान आम्ही डोलावली होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही बाजारात हिंडून स्विच आणला आणि समोर उभे राहून बसवून घेतला. एवढी धावपळ पहिल्याच दिवशी करता आली असती.

म्हणून माता-भगिनींना व बांधवांना आमचे सांगणे आहे. मोटर जळाली म्हणणाऱ्याला विचारा, "मीटर लावून दाखवता का?" बदललेला जुना भाग मागून घ्या. पावती घ्या. पावती असली तर ग्राहक म्हणून तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दुरुस्ती झाल्यावर ड्रायर रिकामा चालू करून झाकण उघडा. टब लगेच मंदावून थांबला पाहिजे. थांबला नाही, तर पैसे देऊ नका.

कर्जाचा तो अर्ज आम्हाला लिहावा लागला नाही. अडीच हजार वाचले. पण हिशेबात आम्ही ती रक्कम मोठी धरत नाही. त्या पोराची दहा बोटे शाबूत आहेत, ती जमा आधी मांडतो.