वाद, वितंडा आणि मुनिरका

दक्षिण दिल्लीत आउटर रिंग रोडला लागून मुनिरका आहे. एका अंगाला रामकृष्ण पुरमच्या सरकारी वसाहती, दुसऱ्या अंगाला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे आवार, आणि मधे हे जाटांचे जुने गाव. टोकस कुळाची घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांची शेतजमीन शहराच्या वाढीसाठी सरकारने संपादित केली. उरले ते गावठाण, महसुली नकाशावर लाल रेघेने वेढलेले. दिल्लीत त्याला ‘लाल डोरा’ म्हणतात. या रेघेच्या आत शहरी बांधकामाचे नियम दीर्घकाळ लागू नव्हते. त्यामुळे मजल्यांवर मजले चढले, गल्ल्यांत दिवसा दिवे लागू लागले आणि शेतकऱ्याचा मुलगा घरमालक झाला. त्याचे भाडेकरू म्हणजे वसतिगृहात जागा न मिळालेले विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार, मणिपूर-नागालँडहून नोकरीला आलेली मुलेमुली. मराठवाड्या-विदर्भातून समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकायला आलेली मुलेही त्यांत असतात.

सुट्टीत घरी गेलेल्या अशा मुलाला एक प्रश्न चुकत नाही. तिकडे नुसते वादच शिकवतात ना? मार्क्सवाद, संरचनावाद, स्त्रीवाद, आणि आणखी कसले कसले. विचारणारा बहुधा दुष्ट नसतो. त्याने मुलाला पैसे पाठवलेले असतात, आणि या शिक्षणाचा गावाला काय उपयोग हे त्याला खरेच कळत नसते. म्हणून त्याच्या आक्षेपाला नीट उत्तर मिळायला हवे.

आक्षेपाचे दोन भाग आहेत. एक, हे सिद्धांत परकीय आहेत. जर्मनी-फ्रान्सच्या कारखान्यांवरून बेतलेले कपडे आपल्या गावाला कसे बसणार? दोन, सिद्धांताची गरजच काय? गावात जा, माणसे मोजा, जे दिसेल ते लिहा. विद्यापीठाच्या आत याच्या उलट टोकाचा तिसरा सूर ऐकू येतो: एक सिद्धांत निवडा आणि मरेपर्यंत त्याच्याशी इमान राखा.

तिन्ही सूर एकाच चुकीवर उभे आहेत. त्यांनी ‘वाद’ हा शब्द फार स्वस्त केला आहे. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य कळावे म्हणून, प्रमाणांच्या आधारे, आपली बाजू हरू शकते हे मान्य करून केलेली चर्चा म्हणजे वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे फक्त खोडत राहणे म्हणजे वितंडा. समाजशास्त्रातले दृष्टिकोन पहिल्या अर्थाने वाद आहेत, आणि तसेच ते शिकवले पाहिजेत.

परकीयपणाचा आक्षेप एका तारखेपाशी टिकत नाही. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, 25 वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. त्यात त्यांनी चार अभ्यासकांच्या व्याख्या तपासल्या: फ्रान्सचे सेनार, ब्रिटिश अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले, आणि श्रीधर व्यंकटेश केतकर. हे केतकर म्हणजे पुढे मराठी वाचकाला ज्ञानकोश देणारे केतकर. जातींच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1909 साली, ते अमेरिकेत शिकत असताना प्रसिद्ध झाला होता. केतकरांनी जातीची दोन लक्षणे दिली: सभासदत्व जन्माने मिळते, आणि जातीबाहेर लग्नाला मनाई असते. आंबेडकरांनी केतकरांचे मोठेपण मान्य केले आणि मग दाखवून दिले की ही लक्षणे दोन नव्हेतच. लग्न आतच करायचे ठरले, की सभासदत्व आपोआप जन्मापुरते उरते.

पुढचे पाऊल अधिक धाडसी होते. लग्नाचे दार बंद करणाऱ्या गटात लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया सारख्या संख्येने राहायला हव्यात. नवरा मेला की स्त्री ‘जास्तीची’ ठरते; ती बाहेर लग्न करील तर दार मोडते, आत करील तर दुसऱ्या मुलीचा वाटा जातो. म्हणून सती, म्हणून लादलेले वैधव्य. बायको मेलेल्या पुरुषाला जाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी अजून वयात न आलेली मुलगी, म्हणजे बालविवाह. तीन प्रथा, ज्यांवर महाराष्ट्रात शतकभर स्वतंत्रपणे वाद झडले होते, त्या एका यंत्रणेचे तीन दाते म्हणून इथे समोर आल्या. ही बंदिस्ती वरून खाली कशी पसरली हे सांगताना आंबेडकरांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच विचारवंताच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. शेजाऱ्याचा विळा आणला म्हणून कापलेले पीक शेजाऱ्याचे होत नाही. आणि वरच्यांचे अनुकरण ही जी कल्पना पुढे एम. एन. श्रीनिवास यांच्या ‘संस्कृतीकरणा’मुळे जगभर गेली, ती कूर्गवरच्या त्यांच्या 1952 च्या पुस्तकाआधी 36 वर्षे या निबंधात जातींच्या उगमाशी जोडलेली सापडते.

परकीय सिद्धांत तपासून नाकारण्याची उदाहरणेही घरचीच आहेत. रिस्ले यांनी नाकाची रुंदी मोजून जातीचे स्थान वंशावर ठरते असा दावा केला. मालवणात जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 च्या जात आणि वंशावरच्या ग्रंथात तीच मोजमापे पुन्हा मांडली. हा मेळ फार तर उत्तर हिंदुस्थानात काही प्रमाणात बसतो, इतरत्र नाही, असे त्यांना दिसले. घुर्यांचीच कोष्टके घेऊन आंबेडकरांनी 1948 मध्ये अस्पृश्यांवरच्या पुस्तकात ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचा युक्तिवाद केला. इंग्रज अधिकाऱ्याची मोजपट्टी, मालवणच्या प्राध्यापकाची शंका, आणि त्या शंकेवर उभे राहिलेले आंबेडकरांचे प्रतिपादन. यात परकीय किती आणि आपले किती, हे वेगळे काढून दाखवणे कुणालाही जमणार नाही.

आता दुसरा आक्षेप: जे दिसते ते लिहा.

2007 मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षिततेच्या सूचनांची एक पुस्तिका काढली. त्यात मुलींनी कपडे कसे घालावेत याचा सल्ला होता, आणि बांबूचे कोंब, आखुनी (आंबवलेले सोयाबीन) असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांत गोंधळ न माजवता शिजवावेत, असेही म्हटले होते. लिहिणाऱ्याला तो साधा व्यवहारी सल्ला वाटला असेल. पण त्याच्या तळाशी पूर्ण सिद्धांत आहे: वस्तीची एक घडी असते, ती बसलेली असते, नव्याने आलेल्याने तिच्यात बसावे, आणि घडी मोडली तर दोष नव्याचा. समाजशास्त्रात याला प्रकार्यवाद म्हणतात, आणि त्याची ही सर्वांत कच्ची आवृत्ती आहे. रॉबर्ट मर्टनसारख्या प्रकार्यवाद्याला निदान हे विचारता आले असते, की ही घडी कुणाच्या सोयीची. पुस्तिकेला तो प्रश्न सुचला नाही, कारण आपण सिद्धांत वापरतो आहोत हेच तिला ठाऊक नव्हते.

फेब्रुवारी 2014 मध्ये मुनिरक्यात एका अल्पवयीन मणिपुरी मुलीवर अत्याचार झाला. त्यानंतर ईशान्येकडच्या भाडेकरूंना घराबाहेर काढावे असा सूर गावच्या बैठकीत निघाल्याच्या बातम्या आल्या, आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्याआधी 16 डिसेंबर 2012 च्या रात्री ज्या तरुणीवरील अत्याचाराने देश हादरला, ती मुनिरक्याच्याच थांब्यावर बसमध्ये चढली होती. तेव्हा अनेकांनी कारण सांगितले: खेड्यांतून येणारे लोंढे, तुटलेली बंधने. हेही ‘जे दिसते ते’ म्हणूनच सांगितले गेले. न्यायमूर्ती वर्मा समितीने सुमारे 80,000 सूचना पाहून, महिन्याभरात, 23 जानेवारी 2013 रोजी अहवाल दिला. लोंढ्यांना दोष देण्याऐवजी तिने राज्यकारभाराच्या अपयशावर आणि स्त्रीच्या शरीरावर हक्क सांगणाऱ्या व्यवस्थेवर बोट ठेवले, आणि विवाहांतर्गत बलात्काराला असलेली सूटही काढावी असे सुचवले. स्त्रीवाद्यांनी दशकानुदशके घासून तयार केलेल्या संकल्पना नसत्या तर हा अहवाल असा लिहिला गेला नसता. घटना एकच, समजून घेण्याच्या रीती दोन, आणि त्यांतून निघणारे उपायही दोन.

तिसऱ्या सुराकडे वळताना मुनिरक्याचीच एक खोली पुरते. घरमालक आणि भाडेकरू यांत वर्गसंबंध आहे. मार्क्सवादी ते पाहील आणि बरोबर पाहील. पण हा मालक गिरणीमालक नाही, तो जमीन गेलेला शेतकरी आहे, आणि भाडे हेच त्याचे शेत आहे. शिवाय तो खोली दाखवण्याआधी नाव विचारतो, गाव विचारतो, मांसाहार करता का विचारतो. पैसे देऊ शकणाऱ्यालाही तो नकार देतो. नफा सोडून दिलेला हा नकार वर्गाने उलगडत नाही. त्यासाठी माक्स वेबर यांची प्रतिष्ठागटाची आणि त्याच्या बंदिस्तीची कल्पना लागते. एकट्या मुलीला रात्री दहाला फाटक बंद आणि मुलाला नाही, हे वेबरनेही उलगडत नाही. आणि जिन्यात दोघे समोरासमोर आल्यावर कोण बाजूला होतो, हे पाहायला आणखी वेगळी, माणसामाणसांतल्या देवाणघेवाणीवर रोखलेली नजर लागते.

एका वादाशी इमान राखणे म्हणजे यातले तीन प्रश्न न विचारण्याची शपथ. ही शपथ मोडण्याची किंमत महाराष्ट्रात माणसांनी दिलेली आहे. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील आदिवासी-शेतमजुरांत वर्षानुवर्षे काम केल्यावर या निष्कर्षाला आले, की जात हा आर्थिक पायावरचा केवळ इमला नव्हे. 1978 मध्ये ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले, त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स, फुले, आंबेडकर यांना एकत्र धरणारी मांडणी उभी केली. ती मांडणी सर्वांना पटलेली नाही. पण आपल्याच दृष्टिकोनाची उणीव कामातून ओळखून ती भरून काढण्याचा प्रयत्न, म्हणजे न्यायदर्शनाच्या अर्थाने वाद.

इतके खोडल्यावर आक्षेपातले खरेही मान्य केले पाहिजे. सिद्धांताची भाषा पुष्कळदा बिल्ल्यासारखी मिरवली जाते. बीड किंवा गोंदियाहून आलेल्या मुलापुढे ती इंग्रजीची भिंत होऊन उभी राहते. म्हणून कुणी प्रेमाने सांगतो: बाळा, तू आपला गावचा अनुभव लिही, माहिती गोळा कर, सिद्धांत दुसरे पाहतील.

हा सल्ला सर्वांत घातक आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलेले गोपाळ गुरू यांनी डिसेंबर 2002 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त विचारले होते, की भारतातली सामाजिक शास्त्रे कितपत समतावादी आहेत. सिद्धांत मांडणारे मूठभर, माहिती पुरवणारे असंख्य, आणि ही वाटणी जातीच्या रेषेवर पडलेली. हे त्यांचे निदान होते. दलितांनी सिद्धांताकडे पाठ फिरवू नये, असे त्यांनी निक्षून सांगितले. सिद्धांत नको म्हणणारा आक्षेपक नकळत ही जुनीच वाटणी टिकवतो.

गुरूंच्या लेखाला 2007 मध्ये तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांनी उत्तर दिले. अनुभव ज्याचा, सिद्धांतही त्याचाच का, हा प्रश्न त्यांनी पुढे नेला. दोघांनी एकमेकांना खोडले आणि 2012 मध्ये त्या वादातून दोघांचे एकत्र पुस्तक निघाले. त्याआधी 1995 मध्ये दलित स्त्रिया वेगळे बोलतात असे गुरूंनी मांडले, तेव्हा पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये त्या ‘वेगळेपणा’ची चिकित्सा केली: दलित स्त्रीच्या जागेवरून पाहण्याची जबाबदारी दलित स्त्रीवरच टाकून इतर स्त्रीवाद्यांना मोकळे होता येणार नाही. त्याच्या कितीतरी आधी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजल्या. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध मोजमापांत आढळला नाही, तेव्हा मार्गदर्शकाचा कल ठाऊक असूनही त्यांनी तो नाही असेच लिहिले. पुरावा विरुद्ध गेला तर उपपत्ती सोडायची तयारी या सर्वांत समान आहे.

मराठीतली समाजशास्त्राची पाठ्यपुस्तके बहुधा ऑगस्ट कॉम्तपासून सुरू होतात आणि प्रत्येक वादाला दोन पाने, चार वैशिष्ट्ये, तीन टीका देऊन पुढे जातात. ती केतकर-आंबेडकर वादापासून सुरू करता येतील. कॉम्त, दुर्खीम, मार्क्स, वेबर मग त्या वादाला लागतील तसे येतील. आणि पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांना भाड्याच्या खोलीवर अहवाल लिहायला सांगता येईल. खोली मुनिरक्याची असो, पुण्यातल्या पेठेची असो की लातूरच्या शिकवण्यांच्या परिसरातली. नाव ऐकून कुणाला खोली मिळाली, कुणाला नाही, कोणत्या भाड्यात, कोणत्या अटींवर, याची नोंद ठेवायची, तीन दृष्टिकोनांतून तीन स्पष्टीकरणे द्यायची, आणि आपले कोणते स्पष्टीकरण आपल्याच नोंदींनी खोटे पाडले हे शेवटच्या पानावर लिहायचे. सर्वाधिक गुण त्या पानाला ठेवावेत.