कर्करोग घराण्यात आहे का, हेही विचारा

शौचातून रक्त पडू लागले की मूळव्याध असेल, असे समजून माणूस औषधाच्या दुकानात जातो. बहुतेकदा तो अंदाज खराही असतो. पण रुग्ण चाळिशीतला असेल आणि त्याचे वडील किंवा आत्या आतड्याच्या कर्करोगाने गेलेली असेल, तर मलम लावून थांबणे धोक्याचे आहे.

मोठ्या आतड्याच्या शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांचा आजार 'लिंच सिंड्रोम' या आनुवंशिक दोषातून येतो. अमेरिकेतील डॉक्टर वॉर्थिन यांनी असे एक कुटुंब 1913 मध्येच नोंदवले होते. पुढे हेन्री लिंच यांनी 1960 च्या दशकात अशा घराण्यांचा पाठपुरावा केला. पेशींची वाढ होताना जनुकांच्या नकलेत चुका होतात. त्या दुरुस्त करणारे जनुकच यात बिघडलेले असते. आई किंवा वडील, कोणाही एकाकडून ते प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा भेद नाही. स्त्रियांमध्ये याच दोषातून गर्भाशयाचा कर्करोगही होतो.

डॉक्टरांचा एक जुना ठोकताळा सोपा आहे : तीन, दोन, एक. जवळच्या नात्यातील तीन रुग्ण, लागोपाठच्या दोन पिढ्या आणि त्यांतील एकाचे वय निदानावेळी पन्नाशीच्या आत. असे असेल तर जनुकीय तपासणीचा विचार व्हावा. दोष सापडला तर साधारण विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात. कर्करोग होण्याआधीच्या लहान गाठी त्याच वेळी काढून टाकता येतात. फिनलंडमधील अशा कुटुंबांच्या पंधरा वर्षांच्या अभ्यासात नियमित कोलोनोस्कोपी करणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून कमी राहिले. दोष नसल्याचे कळले, तर ती व्यक्तीही कायमच्या धास्तीतून सुटते.

हे ज्ञान अंबड, भोकरदन, मंठ्याच्या गावांपर्यंत कसे पोहोचणार? सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, आतड्याचा नाही. सर्वांची कोलोनोस्कोपी करणे शक्यही नाही. पण तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात आई-वडील व भावंडांच्या रक्तदाब, मधुमेह आणि हृदयरोगाची चौकशी आहे. तिथे कर्करोगाचा एक प्रश्न वाढवावा : घरात कोणाला, कोणता आणि कितव्या वर्षी? याला यंत्र लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. जिल्हा आरोग्य यंत्रणेने यासाठी पुढाकार घ्यावा.

अर्थात, 'हो' असे उत्तर आल्यावर पुढची वाटही तयार हवी. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जालन्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. आनुवंशिक कर्करोगाचे समुपदेशन मात्र मुंबईत, टाटा स्मारक केंद्रात. कापसाच्या वेचणीत तिकडे जायला कोणाला फुरसत? चिठ्ठी देऊन रुग्णाला पाठवणे म्हणजे व्यवस्था नव्हे. समुपदेशन दूरध्वनी-व्हिडिओवरून जिल्हा रुग्णालयातच मिळायला हवे.

अडचण घरातही आहे. सोयरीक मोडेल या भीतीने आजार लपवला जातो. मृत्यूचे कारण 'पोटाचा आजार' एवढेच सांगितले जाते. लेक सासरी गेली की तिच्या मुलांना आजोळचा आजार कळतच नाही, आणि धोका मात्र तिच्यासोबत गेलेला असू शकतो. हा कुळाला लागलेला डाग नव्हे. रक्तगटासारखी ती एक माहिती आहे.

या आठवड्यात घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा. आई-वडील दोन्हीकडच्या तीन पिढ्यांत कोणाला कर्करोग झाला आणि कितव्या वर्षी, हे वहीत लिहा. जुने रिपोर्ट जपून ठेवा. शौचातून रक्त, सवयीत झालेला बदल किंवा विनाकारण अशक्तपणा जाणवला, तर तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा.