ऊस तोडतात, गव्हाणीत टाकतात

बारामतीहून नीरेच्या रस्त्याला लागले की माळेगाव, पणदरे आणि मग कोऱ्हाळे बुद्रुक. मागे माळेगावचा साखर कारखाना, पुढे सोमेश्वरनगरचा, आणि मधल्या पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा असलेला ऊस. दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होते, त्याच सुमारास गळीत हंगामही सुरू झालेला असतो. शाळेसमोरून उसाने ओसंडणाऱ्या ट्रॉल्या जातात, मागून पोरे ऊस ओढतात. आणि आत, नववीच्या वर्गात, आपण फळ्यावर लिहितो: राम एट अ मँगो. आता याचे पॅसिव्ह करा. वर्ग एका सुरात म्हणतो, अ मँगो वॉज ईटन बाय राम.

उत्तर बरोबर आहे. पण असे वाक्य इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने कधी उच्चारले असेल, असे मला वाटत नाही. आंबा कोणी खाल्ला हेच सांगायचे असेल तर तो रामनेच खाल्ला म्हणून सांगेल. पॅसिव्हची गरज पडते ती करणारा कोण हे माहीत नसते किंवा त्याच्याशी कर्तव्य नसते तेव्हा. हे आपण ‘सब्जेक्टचा ऑब्जेक्ट, ऑब्जेक्टचा सब्जेक्ट’ या कवायतीत कधी सांगतच नाही. उलट शेवटी ‘बाय राम’ जोडायला विसरला म्हणून अर्धा गुण कापतो.

आता मुलाला मराठीत विचारा, साखर कशी होते? तो म्हणेल: ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, ट्रॉलीत भरतात, काट्यावर वजन करतात, गव्हाणीत टाकतात. कोण तोडतात? कोण टाकतात? त्याने सांगितले नाही आणि आपल्यालाही ते विचारावेसे वाटले नाही. इंग्रजी पॅसिव्हचा खरा मराठी जोडीदार हा आहे, ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ हा नव्हे. ‘ऊस तोडला जातो’ ही मराठी बऱ्याचदा पाठ्यपुस्तकात किंवा सरकारी पत्रकातच भेटते; घरात, फडात ‘तोडतात’. म्हणजे पॅसिव्हची गरज या मुलाला रोज भासते आणि ती तो रोज भागवतोही. फक्त त्याच जागी इंग्रजी वेगळा साचा वापरते, एवढेच त्याला शिकायचे असते.

संवादातून व्याकरण ही गोष्ट आपल्याकडे प्रशिक्षणवर्गांतून आली आणि बऱ्याच ठिकाणी खेळ होऊन राहिली. चेंडू फेका, ज्याच्या हातात येईल त्याने क्रियापद सांगावे. मुले खूश, तास संपला. यात संवाद कुठे आहे? मला माहीत असलेले तुम्हाला माहीत नाही आणि ते कळल्याशिवाय तुमचे काम अडते, तेव्हाच माणूस बोलतो. एन. एस. प्रभू यांनी हेच धरून १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर प्रकल्प चालवला. परदेशी सोयीसुविधा नसलेल्या, आपल्यासारख्याच दक्षिणेतल्या शाळांमध्ये त्यांनी मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे असली कामे दिली. व्याकरण वेगळे शिकवायचेच नाही, अर्थाकडे लक्ष असताना ते आपोआप रुजते, अशी त्यांची भूमिका. पुढे जे मूल्यमापन झाले त्याचा कौल प्रकल्पाच्या बाजूने गेला, पण सावधपणे. ज्या वर्गाला जसे शिकवले, त्या धर्तीच्या चाचणीत साधारणपणे तो वर्ग पुढे राहिला.

मला यातला अर्धा भाग पटतो. काम द्या, हे पटते. व्याकरणाचे नावच काढू नका, हे पटत नाही, निदान आपल्या शाळांसाठी नाही. आपल्या मुलाच्या कानावर वर्गाबाहेर इंग्रजी फारसे पडत नाही. आपोआप रुजायला लागणारा पाऊस इथे कमीच. शिवाय दहावीच्या कृतिपत्रिकेत पहिलाच प्रश्न लँग्वेज स्टडीचा, १० गुणांचा. शिक्षकाने तो विसरावा असे सांगणारा माणूस एक तर निवृत्त झालेला असतो किंवा त्याचा निकाल कोणी विचारत नाही.

तेव्हा ऊस वर्गात कसा आणायचा ते बघू. साखरेच्या प्रवासाच्या आठ चिठ्ठ्या करा: तोडणी, मोळी, भरणी, वजनकाटा, गव्हाण, रस काढणे, रस उकळून आटवणे, पोती भरणे. प्रत्येक चिठ्ठीवर एकच चित्र, शब्द नाही. चित्र येत नसेल तर दोन मराठी शब्द चालतील. आठ मुलांचा गट, एकाला एक चिठ्ठी. चिठ्ठी दाखवायची नाही, इंग्रजीत सांगायची, आणि सगळ्यांनी मिळून क्रम लावून उभे राहायचे. साठ मुलांच्या वर्गात उठाबशी शक्य नसेल तर पुढच्या बाकाने मागे तोंड करावे, दोन बाकांचा गट होतो. गोंगाट होणार. शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना आधी सांगून ठेवा, मुख्याध्यापकांनाही.

मुले काय बोलतील तेही आधीच सांगतो: द केन इज कटिंग. तिथे मध्येच थांबवू नका. क्रम लागू द्या. मग फळ्यावर त्यांचीच दोन-तीन वाक्ये लिहा, नावे न घेता, आणि शांतपणे विचारा: ऊस कापतोय की ऊस कापतात? कोयता उसाच्या हातात आहे का? वर्ग हसतो. त्या हशात ‘इज कट’ आणि ‘इज कटिंग’ यांतला फरक ज्याच्या डोक्यात बसला, त्याला पुढे तो तक्त्यावरून पाठ करावा लागत नाही. मग त्याच वाक्यांवर पाच मिनिटे सरळसोट व्याकरण करा, तिसरे रूप, ‘इज’ आणि ‘आर’, सगळे. हेही संवादातूनच शिकवणे आहे, याबद्दल कोणी अपराधी वाटून घेऊ नये.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची आपण आता चेष्टा करतो. तिची वाक्ये कोरडी होती, हे खरेच. पण मराठीशेजारी इंग्रजी ठेवून बघायची जी सवय तिने लावली, ती नव्या पद्धतीच्या उत्साहात आपण जुन्या पुस्तकांबरोबर रद्दीत घातली. वर्गात मराठीचा शब्द निघाला की पाप, असे मानणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्यामुळे हाताशी असलेले निम्मे भांडवल वाया जाते.

प्रेझेंट परफेक्टचेच बघा. याला मराठीत जोड नाही असे समजून आपण ‘जस्ट, ऑलरेडी, यट’ची यादी देतो. पण घरी फोन येतो, कोणी तरी विचारते वडील आहेत का, आणि मूल सांगते, “बाबा दारं धरायला गेलेत.” म्हणजे अजून रानात आहेत, थोड्या वेळाने करा. तेच मूल दुसऱ्या दिवशी म्हणते, “बाबा रात्री दारं धरायला गेले.” आता वेळ आली, गोष्ट झाली. ‘हॅज गॉन’ आणि ‘वेंट’ यांचा हा फरक ते मूल सात-आठ वर्षांपासून चुकत नाही. फोनवरचा हाच संवाद बाकावरच्या जोडीदाराशी इंग्रजीत करायला लावा. घरात कोण कुठे गेले आहे, हे प्रत्येकाने मनात ठरवायचे आणि समोरच्याने विचारून काढायचे. उलट जिथे मराठी फसवते ते मात्र आधी दाखवा. दारातून बाहेर पडता पडता आपण “आलोच” म्हणतो. मुलाने त्याचे ‘आय केम’ केले तर तो मठ्ठ नसतो, प्रामाणिक असतो.

राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. तेव्हापासून पुस्तके बदलली. त्यांत गप्पा आल्या, कृती आल्या. पुस्तकाला मात्र कोऱ्हाळ्याचा ऊस माहीत असणार नाही, तसाच चंदगडचा काजूही नाही आणि जळगावची केळीही नाही. ते काम शिक्षकाचेच. कृती पुस्तकातून घ्यावी, माल गावातून. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, बारामती स्थानकावरचे एसटीचे वेळापत्रक, कृषिपंपांना वीज दिवसा असते की रात्री, हे सगळे प्रश्न विचारायला लावणारे आहे, कारण यातले उत्तर खरोखरच कोणाला तरी हवे असते.

एक शेवटची गोष्ट. हंगामात तोडणीच्या टोळ्यांबरोबर बीड, नगरकडची मुले येतात. त्यांतली एखादी साखरशाळेत जाते, एखादी तुमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसते, आणि पाडव्यापर्यंत निघूनही जाते. हजेरीपटापलीकडे तिची दखल घ्यायला आपल्याला वेळ होत नाही. चिठ्ठ्यांचा खेळ घ्याल त्या दिवशी पहिल्या तीनपैकी एक चिठ्ठी तिला द्या. बागायतदाराच्या मुलाने ऊस लहानपणापासून पाहिलेला असतो, पण मोळी कशाने बांधतात, वाढे कोणाला जातात, पहाटे किती वाजता फडावर निघतात, हे त्याला तिलाच विचारावे लागेल. हाऊ इज इट टाइड? व्हॉट इज इट टाइड विथ? तिला ‘टाय’, ‘बंडल’, ‘लोड’ हे तीन शब्द आदल्या दिवशी देऊन ठेवा.