अधिक सिमेंट म्हणजे अधिक मजबुती नव्हे

ओलसर धान्याची रास आतून तापते, हे आम्हां व्यापाऱ्यांस सांगावयास नको. सिमेंटही पाण्याशी संयोग पावताना उष्णता सोडते. उच्च सामर्थ्याच्या काँक्रीटमध्ये सिमेंट अधिक, म्हणून तापही अधिक. जाड थराचा गाभा तप्त व पृष्ठभाग थंड राहिला की तडा जातो. याच भयाने १९३३ ते १९३५ या काळात अमेरिकेतील हूव्हर धरणाच्या काँक्रीटमध्ये थंड पाण्याचे नळ पुरले होते. उच्च सामर्थ्याच्या मिश्रणात पाणीही बेताचेच; ते सिमेंट शोषून घेते आणि काँक्रीट पहिल्या दिवसापासूनच आकसते.

गोदाम बांधणाऱ्या सभासद बंधूंस आमचे आग्रहाचे सांगणे : केवळ सिमेंट वाढवून निश्चिंत होऊ नये. राखमिश्रित सिमेंट वापरावे, पहिल्याच दिवशी ओली गोणपाटे पसरावीत व निदान दहा दिवस ती सुकू देऊ नयेत. तड्यातून शिरलेली ओल अखेर धान्यासच भोवते.