साप खाल्लास का रे?

बाबांच्या नोकरीमुळे २०१६ ते २०१९ आम्ही शांघायला राहत होतो. होस्टेलवर हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘साप खाल्लास का रे?’ दुसरा, ‘ग्रेट वॉल पाहिलीस?’ झालं, चीन संपला!

खरं सांगायचं तर तिथे राहणारे आपले लोकही फार वेगळे नाहीत. आमच्या बिल्डिंगमधली भारतीय मंडळी आपापसातच पार्ट्या करायची, शोधून शोधून इंडियन रेस्टॉरंटमध्ये जायची. तीन-तीन वर्षं राहून ‘नी हाव’ आणि ‘शिएशिए’च्या पुढे गाडी नाही. आणि वर तक्रार काय, तर चिनी लोक मिसळत नाहीत! पण आपण तरी कुठे मिसळतो? आपल्याच मेसमध्ये बघा. मणिपूर-नागालँडची मुलं वेगळ्या टेबलावर, आणि आपण त्यांना ‘ए चायनीज’ म्हणून हाक मारणार. इम्फाळ कुठल्या देशात आहे हो?

शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी लग्नाचा बाजार भरतो. आई-वडील उघड्या छत्र्यांवर कागद लावून बसतात. मुलाचं जन्मसाल, उंची, डिग्री, पगार, स्वतःचं घर आहे की नाही, सगळं त्यावर. मुलगा स्वतः बहुतेक वेळा गायब! आई म्हणाली, ‘हे तर आपलं वधू-वर सूचक मंडळच की!’ टुरिस्ट फोटो काढून हसतात. मला नाही हसू येत. १९८० ते २०१५ तिथे एकच मूल होऊ देण्याचं धोरण होतं. त्यामुळे छत्रीमागे बसलेल्या त्या काकूंना बहुधा तेवढं एकच लेकरू असतं.

शिआनला सगळे मातीचे सैनिक बघायला जातात. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले. बघायलाच हवेत, वादच नाही. पण त्याच गावात ‘बिग वाइल्ड गूज पॅगोडा’ आहे. ह्युएन त्संगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवायला ६५२ साली बांधलेला. हा माणूस पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तो दोन मार्कांपुरता होता. आमच्याबरोबरच्या दोन फॅमिलीज ‘टाइम नाही’ म्हणून पॅगोडा सोडून मॉलमध्ये गेल्या!

शिजियाज्वांगचं तर नावही कुणाला माहीत नसतं. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. युद्धातल्या जखमींवर उपचार करायला ते १९३८ साली चीनला गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. वय फक्त ३२. तेवढ्या चार वर्षांत त्यांनी भाषा शिकून घेतली, क्वो छिंगलान या नर्सशी लग्न केलं, आणि मुलाचं नाव ठेवलं यिन्हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

बीजिंगला चार-चार वेळा जाऊन आलेले भारतीय मला माहीत आहेत. इथे जाऊन आलेला, आमच्या घरचे सोडून, एकही भेटला नाही. बीजिंगहून फास्ट ट्रेनने दीड तासाच्या आसपास लागतो. एका दिवसात आरामात जाऊन येता येतं.