विश्लेषण : आजीच्या सागवानी ड्रेसिंग टेबलला रंग लावावा का?

गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जाते किंवा पुण्यातला वाडा उतरवला जातो, तेव्हा भांडीकुंडी वाटली जातात आणि शेवटी प्रश्न उरतो तो लाकडी सामानाचा. त्यातही आरशाचे, तीन-चार खणांचे जुने ड्रेसिंग टेबल सर्वांत अडचणीचे. ते फेकवत नाही आणि नव्या फ्लॅटच्या पांढऱ्या भिंती, पांढरे वॉर्डरोब यांत बसतही नाही. मग कोणी तरी सुचवते, ‘रंग मारून टाका, नवे दिसेल.’ त्यावर घरातले ज्येष्ठ हळहळतात, तरुण मंडळी मोबाइलवर ‘आधी आणि नंतर’चे व्हिडीओ दाखवतात. या भांडणात दोन्ही बाजू रंगाविषयी बोलतात. मात्र टेबलाचे खरे नुकसान बहुतेक वेळा रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच झालेले असते.

नुकसान रंगाने होते की घासण्याने?

जुन्या फर्निचरला मॅट, पिठूळ रंग देण्याची सध्याची लाट ‘चॉक पेंट’ने आणली. अ‍ॅनी स्लोन या ब्रिटिश रंगतज्ज्ञ महिलेने 1990 मध्ये तो बाजारात आणला. त्याचा मुख्य दावाच असा होता, की खाली प्रायमर नको आणि लाकूड घासायलाही नको. जुन्या पॉलिशवर थेट ब्रश फिरवा. आपल्याकडे ही लाट पोहोचली ती मात्र उलट क्रमाने. सुताराला बोलावले, की तो आधी सँडर मशीन काढतो, ‘कोरं लाकूड’ दिसेपर्यंत घासतो, लांबी भरतो आणि वर डुको किंवा पीयू मारतो. काम चकचकीत होते, पण ज्या टेबलासाठी एवढी हळहळ होती ते त्यात उरत नाही.

सागवानाचा तो गडद मधासारखा रंग लाकडाच्या वरच्या अगदी पातळ थरात असतो. प्रकाश, हवा आणि अनेक वर्षांचे हाताळणे यांनी तो तयार होतो. मशीनची पट्टी काही सेकंदांत तो थर काढते. शिवाय 1930-40च्या दशकांतल्या मुंबईच्या आर्ट डेको धाटणीच्या टेबलांवर, म्हणजे गोल आरसा आणि गोलसर कोपऱ्यांची जी टेबले असतात त्यांवर, अनेकदा शोभिवंत लाकडाचे व्हिनिअर चिकटवलेले असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. एका जागी मशीन जरा रेंगाळले तर खालचे साधे लाकूड उघडे पडते. रंग पुढेमागे काढता येतो. घासलेले लाकूड परत चढवता येत नाही.

खालचे लाकूड दुर्मीळ आहे, हेही लक्षात घ्यायला हवे. म्यानमारने 2014 पासून लाकडाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या जुन्या झाडांचे जे ‘बर्मा टीक’ एके काळी मुंबईच्या वखारींत सहज मिळायचे, ते आज नव्या टेबलासाठी मिळवणे कठीण आहे. लागवडीतला साग लवकर तोडला जातो, त्यामुळे त्यात बाहेरच्या फिक्या, कमी टिकाऊ लाकडाचे प्रमाण अधिक असते.

प्रत्येक जुने टेबल ‘अँटिक’ असते का?

नाही. पुरावशेष आणि कलानिधी कायदा, 1972 नुसार अशी वस्तू पुरावशेष ठरायला ती किमान 100 वर्षे जुनी असावी लागते. मराठी घरांत आढळणारी बहुतेक ड्रेसिंग टेबले त्याहून नंतरची आहेत. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात ‘दीडशे वर्षांपूर्वीचे’ म्हणून जे समोर येते, त्याच्या खणांचे सांधे आणि मागची फळी आधी पाहावी. मागे प्लायवूड असेल तर दीडशे वर्षांची गोष्ट तिथेच संपते. तेव्हा घरच्या टेबलाला रंग लावल्याने लाखोंची मालमत्ता मातीमोल झाली, असे सहसा होत नाही. परदेशातही गडद तपकिरी जुन्या फर्निचरचे भाव गेल्या दोन दशकांत बरेच उतरले आहेत, आणि ते रंगवण्याची फॅशन फोफावण्याचे ते एक कारण आहे.

पॉलिशच्या थरात असते काय?

या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग. जुन्या टेबलावरचे ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख. लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर जो राळेसारखा पदार्थ स्रवतात, तो शुद्ध करून चपडी होते. नाव फ्रेंच असले तरी माल भारतीय. झारखंड आजही लाखेचे मोठे केंद्र आहे आणि रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनासाठी 1924 मध्येच संस्था उभी राहिली. कापसावर मलमल गुंडाळलेला बोळा हातात घेऊन पॉलिशवाला हे द्रावण गोल-गोल फिरवत चढवतो. दर हाताला स्पिरिट उडते आणि लाखेचा अतिशय पातळ पापुद्रा मागे राहतो.

महत्त्वाची गोष्ट ही, की पुढच्या हातातले स्पिरिट आधीच्या थराला किंचित विरघळवते आणि नवा थर त्यात मिसळून जातो. म्हणून 60 वर्षांपूर्वीचे पॉलिशही आज दुरुस्त होते. ओरखडे, पाण्याचे पांढरे डाग, बांगड्या घासून पडलेल्या रेघा हे सारे बऱ्याचदा नुसता स्पिरिटचा बोळा आणि थोडी ताजी लाख यांनी निम्मे-अधिक जाते. पीयू किंवा मेलामाइनचे तसे नाही. त्यात रेणूंचे एकमेकांशी कायमचे जाळे तयार होते. कुकरची वाफ, गरम कप यांना ते उत्तम तोंड देते, पण खराब झाले की खरवडून काढण्याशिवाय इलाज नसतो.

आपल्या टेबलावर काय आहे हे ओळखणे सोपे आहे. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट लावावे. मिनिटभरात जागा चिकट झाली तर ती लाख. स्पिरिटला दाद न देता थिनरने मऊ पडली तर लॅकर. दोन्हींनी काही झाले नाही तर ऑइल पेंट, मेलामाइन किंवा पीयू. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ देवघरातला दिवासुद्धा नको.

या चाचणीत लाख निघाली आणि लाकूड शाबूत असेल, तर रंगाचा विचार निदान वर्षभर पुढे ढकलावा. आधी नुसते स्वच्छ करून पाहावे. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने उदबत्तीचा धूर, केसांचे तेल, पावडर यांचा थर निघाला की खाली वेगळेच टेबल सापडते. ‘काळपट दिसते’ ही तक्रार पुष्कळदा लाकडाची नसते, त्यावर साचलेल्या मळाची असते.

आधीच ऑइल पेंट असेल तर?

अनेक मराठी घरांत सागवानी कपाटांना, टेबलांना दर काही दिवाळ्यांनी ऑइल पेंट फासला गेला. हिरवा, पिस्ता, क्रीम, चॉकलेटी असे एकावर एक थर. तेव्हा ‘मूळ रूप जपा’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की ते मूळ रूप आजोबांनीच कधीचे झाकलेले असू शकते. अशा टेबलाला आणखी एक रंग दिल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते जुना रंग कोरडा घासल्याने, आणि ते आरोग्याचे.

जुन्या ऑइल पेंटमध्ये रंग उठावदार करण्यासाठी आणि लवकर सुकण्यासाठी शिशाची संयुगे वापरली जात. पिवळ्या आणि हिरव्या छटांत शिसे जास्त असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि ती नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. म्हणजे त्याआधीचा, विशेषतः काही दशकांपूर्वीचा कोणताही थर संशयित मानणे शहाणपणाचे. सँडरने घासल्यावर त्याची बारीक धूळ घरभर पसरते, गादीत, खेळण्यांत, जमिनीवर रांगणाऱ्या बाळाच्या हातावर बसते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही.

यावर उपाय महागडा नाही. जुना थर घट्ट असेल तर त्याला हात न लावता वरून रंगवावे. पोपडे निघत असतील तर पाणी मारून ओलाच घासावा, गाळ फडक्याने टिपून पिशवीत बंद करावा, झाडू अजिबात मारू नये. काम गच्चीवर किंवा अंगणात, आणि लहान मूल किंवा गर्भवती घरात असेल तर घरापासून लांब. मास्क साधा कापडी पुरत नाही, किमान एन-95 हवा. रंग जाळून काढणे तर पूर्ण वर्ज्य, कारण तापलेल्या थरातून शिशाचा धूर निघतो. कारागीर रोजंदारीवर आहे म्हणून त्याच्या फुप्फुसांचा हिशेब वेगळा होत नाही, हे सांगायची वेळ अजूनही येते.

रंगवायचेच ठरले तर कसे?

व्हिनिअर जागोजागी उडालेले, नंतर कोणी प्लायवूडचे ठिगळ लावलेले, तीन प्रकारची लाकडे जोडून केलेले टेबल असेल तर रंग हाच चांगला पर्याय आहे. तो निःसंकोच लावावा. लाकूड रंगवणे आपल्याला परके नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा रंगासाठीच ओळखल्या जातात.

फक्त मधे लाखेचा एक थर ठेवावा. मेण काढलेली, म्हणजे ‘डीवॅक्स्ड’ चपडी लाख जवळपास कशालाही चिकटते आणि तिच्यावर पाण्यातला रंगही नीट बसतो. तिचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा. सागवान, शिसव, महोगनी यांच्यातली द्रव्ये पाण्यातल्या रंगात झिरपतात आणि पांढऱ्या टेबलावर आठवड्याभरात पिवळे-गुलाबी डाग उमटतात. मग लोक रंगाच्या कंपनीला दोष देतात. लाखेचा थर हे झिरपणे अडवतो. शिवाय खाली जुने लाखेचे पॉलिश असेल, तर उद्या नातवाला लाकूड पाहावेसे वाटले की स्पिरिटने हा थर मऊ करून वरचा रंग सोडवता येतो. कष्ट पडतील, पण वाट उघडी राहते.

वरून मेण लावण्याची युरोपीय पद्धत इथे फारशी चालत नाही. मेण मऊ असते, त्यावर धूळ बसते आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बुरशीही. त्याऐवजी पाण्यातला मॅट क्लिअर कोट बरा. घरगुती चॉक पेंट म्हणून इमल्शनमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळण्याची युक्ती सांगितली जाते. मिश्रण लवकर घट्ट होते, गुठळ्या होतात आणि पृष्ठभाग ठिसूळ राहतो. छोट्या स्टुलावर प्रयोग करायला ठीक आहे.

रंगाला तडे सांध्यांवर का जातात, याचे गणित साधे आहे. लाकूड हवेतली ओल घेऊन आडवे फुगते. सागाची 40 सेंटिमीटर रुंद फळी, तिच्यातली ओल मे ते जुलैत 4 टक्क्यांनी वाढली, तर काप कसा आहे त्यानुसार दीड ते तीन मिलिमीटर रुंदावते. दोन फळ्यांच्या सांध्यावर एकसंध ताणलेला रंग तिथेच फाटतो. तो सुताराचा दोष नसतो, आणि लांबी भरून तो जात नाही. खणांच्या आतल्या बाजू आणि सरकण्याच्या पट्ट्या म्हणूनच रंगवू नयेत. आधीच पावसाळ्यात अडकणारा खण रंगाच्या जाडीने पुरता बसतो. तिथे पांढरी मेणबत्ती घासली की पुरे.

रंगापूर्वी खणांखाली ताजा, फिका भुसा पडतो का ते पाहावे. पडत असेल तर आत भुंगा जिवंत आहे. सागाचा गाभा त्याला सहसा दाद देत नाही, पण खणांचे तळ आणि मागच्या फळ्या बऱ्याचदा हलक्या लाकडाच्या असतात. आधी त्याचा बंदोबस्त, मग रंग.

पितळी मुठी काढून ठेवाव्यात, त्यांवर रंगाचा शिंतोडाही नको. आरशाच्या कडेचे काळे ठिपके म्हणजे ओल लागून काळवंडलेला चांदीचा थर. चेहरा दिसत असेल तर आरसा बदलण्याची घाई करू नये. जुन्या जाड काचेच्या तिरक्या घासलेल्या कडा नव्या आरशात क्वचितच तशा मिळतात.

काम कोणाकडून आणि कधी करावे?

बोळ्याने पॉलिश करणारे कारागीर कमी होत चालले आहेत. स्प्रेने पीयू एका दिवसात होते, हाताच्या पॉलिशला अनेक दिवस लागतात आणि तेवढी मजुरी द्यायला गिऱ्हाईक कुरकुरते. जुन्या बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानांत, जुन्या नाट्यगृहांची वा चर्चची बाके दुरुस्त करणाऱ्यांकडे असे हात अजून सापडतात. बोलणी करताना पहिलाच प्रश्न ‘मशीन लावणार का’ असा विचारावा. ‘त्याशिवाय होतच नाही’ असे उत्तर आले तर दुसरा माणूस शोधावा.

पावसाळ्यात मात्र कोणाकडूनच करून घेऊ नये. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प बसते आणि पॉलिश पांढुरके पडते. रंगही नीट सुकत नाही. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की होळीपर्यंतचे महिने या कामाला सर्वांत चांगले. दिवाळीच्या आठवडाभर आधी मात्र चांगला पॉलिशवाला मिळणे अवघड, त्याला गणपती उठल्यावरच सांगून ठेवावे लागते.