भिंतींवरची चित्रे बघायला चला, पण पायात बूट घालून

आपल्या महिला मंडळांत सहलीचा विषय निघाला की नावे ठरलेली असतात: दीक्षाभूमी, महाड, कार्ला, अजिंठा. तिथे जायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण बसमध्ये दहा-दहा तास बसून पाय सुजतात आणि हा योग येतो वर्षातून एकदा. आमचे म्हणणे असे की अजिंठ्याची भित्तिचित्रे बघायला इतक्या लांब जाणाऱ्या आपल्या भगिनींनी महिन्यातले दोन रविवार आपल्याच मुंबईतली भित्तिचित्रे पायी फिरून बघावीत. आणि जाताना साडी-चप्पल घरी ठेवून सैल कुर्ता, ट्रॅक पँट आणि बूट घालावेत. ही सूचना मांडली की पहिल्या अर्ध्या भागाला सगळ्या माना डोलावतात आणि दुसऱ्या भागाला हसतात. आम्हाला बोलायचे आहे ते या हसण्याबद्दल.

आधी चित्रांविषयी. माहीम ते दादर या सेनापती बापट मार्गाला जुनी माणसे अजून तुळशी पाईप रोडच म्हणतात. त्याच्या कडेने पश्चिम रेल्वेची लांबच लांब भिंत जाते. २००९ साली अनेक नागरिकांनी मिळून ती रंगवली. त्यातले बरेच पाऊस, धूर आणि नव्या रंगाखाली गेले. वांद्र्याच्या चॅपल रोडवर आणि आसपास २०१२ पासून रणजित दहिया या चित्रकाराने हिंदी सिनेमातले चेहरे रंगवले. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या टेलिफोनच्या इमारतीवरचे भले मोठे दादासाहेब फाळके त्यांचेच. या माणसाने हरियाणातल्या आपल्या गावी भिंतींना चुना मारण्यापासून सुरुवात केली होती, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांनी गांधीजी रंगवले होते.

ही झाली वर्तमानपत्रांत छापून आलेली चित्रे. आपल्या वस्त्यांतली चित्रे कोणी छापत नाही. निळ्या कोटातले बाबासाहेब, हातात संविधान, खिशाला पेन, बाजूला रमाई, सावित्रीमाई, वर अशोकचक्र, कुठे भीमा कोरेगावचा स्तंभ. चौदा एप्रिल जवळ आला की त्यांच्यावर नवा हात फिरतो आणि कोपऱ्यात पेंटरचे नाव येते. माटुंगा लेबर कॅम्प, वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळी, घाटकोपरचे रमाबाई नगर, इथे पिढ्यान्‌पिढ्या भिंतींनी हेच काम केले आहे. लेबर कॅम्प तर अण्णाभाऊ साठे आणि बाबुराव बागूल यांच्या पावलांची जागा. आपण रोज या भिंतींसमोरून जातो, पण हातात पिशवी असते आणि लोकल पकडायची असते. थांबून बघणे होत नाही.

आता आरोग्याचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. भरभर चालणे त्यात येते. वेग बरोबर आहे की नाही हे कळायला घड्याळ लागत नाही. चालता चालता बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. माहीमहून दादरला भिंतीच्या कडेने येणे म्हणजे अडीच-तीन किलोमीटर. तिथून चैत्यभूमीपर्यंत आणखी दीड. चित्रासमोर थांबत थांबत गेले तरी सव्वा-दीड तासाचे काम. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हे थांबणे सोयीचे. फक्त दोन चित्रांच्या मधले अंतर रेंगाळत नको, भरभर कापावे.

यात परके असे काही नाही. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, उद्योगाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्ले-प्यालेले नीट पचते आणि चालताना साधलेली समाधी जास्त टिकते. पाचांपैकी निदान तीन तर सरळ आरोग्याचे आहेत. वंदनेला नियमाने बसणारे आपण चंक्रमणाला मात्र भिक्खूंपुरते ठेवले.

“आम्ही दिवसभर चालतोच की” असे अनेक भगिनी म्हणतात. चार घरची धुणीभांडी, झाडू, पाण्याचे हंडे, स्टेशनचे जिने. हे श्रम खरेच आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण दुसऱ्याच्या वेळेवर वाकून, एका जागी उभे राहून, ओझे उचलून केलेल्या कामाने शरीर झिजते. हृदयाला आणि रक्तातल्या साखरेला जो फायदा मोकळ्या चालण्याने होतो तो या कामाने तितका होत नाही, असे आता अभ्यासकही सांगू लागले आहेत. हात रिकामे, पाठ ताठ, वेग आपला आणि दमलो तर थांबायची मुभा, असे चालणे आपल्या बायकांच्या वाट्याला किती आले? एखादीला डॉक्टर “रोज चाला” म्हणतात आणि ती “कामावर जाते ना” असे सांगून गोळ्या घेऊन परत येते.

कपड्यांकडे येऊ. चप्पल घालून तीन किलोमीटर भरभर चालता येत नाही, कारण ती निसटू नये म्हणून बोटे सतत आकसलेली राहतात आणि टाच दुखू लागते. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी रुंद जागा सुटली पाहिजे. महागडे नाव लागत नाही. बाजारातला साधा, वाकणाऱ्या तळव्याचा, मागून टाच धरणारा बूट पुरतो. मधुमेह असेल तर बूट झटकून घालावा, मोजे रोज धुतलेले असावेत आणि घरी आल्यावर तळवे आरशात बघावेत, कारण फोड आलेला कळतोच असे नाही.

साडीविषयी दोन शब्द बोलावेच लागतील. परकराची नाडी घट्ट बांधून बांधून कमरेला काळा वळ पडतो, घामाने खाज सुटते. तिथली जखम महिनोन्‌महिने भरत नसेल तर मलम न चोळता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावी, क्वचित ती गंभीर निघते. चालायला इलॅस्टिकची सैल ट्रॅक पँट बरी. जाड सुती कापड मुंबईच्या दमट हवेत घाम धरून ठेवते आणि मांड्या घासून सोलवटतात. विणीचे, लवकर वाळणारे कापड त्यापेक्षा चांगले. वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घाला, ओढणी नको. ती रिक्षाच्या चाकात अडकते, आणि सारखी सावरण्यात अर्धे चालणे जाते.

आणि आता ते हसणे. “या वयात पँट?” “शोभते का?” “बाई मॉडर्न झाली.” हे बोलणारे बाहेरचे नसतात, आपल्याच चाळीतले असतात, पुष्कळदा घरातले. त्यांना आम्ही महाडची आठवण करून देऊ. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना वेगळे सांगितले की लुगडे नेसण्याची आणि जड दागिन्यांची जी रीत आपली जात लांबून ओळखू देते, ती सोडा. परत जाण्याआधीच अनेक जणींनी नेसण बदलली. कपडा हा आरोग्याचा तसाच माणुसकीचाही प्रश्न आहे, हे आपल्या चळवळीला त्या दिवसापासून माहीत आहे. गावोगाव वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. पेशव्यांच्या पुण्यात कमरेला झाडू बांधावा लागे, हे ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ मध्ये नोंदलेले आहे. वायकोमला देवळाभोवतीच्या नुसत्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून १९२४ साली सत्याग्रह करावा लागला. इतके करून मिळवलेला रस्ता, त्यावर आपली सून बूट घालून चालली तर आपणच तोंडाला पदर लावून हसायचे?

विहारात पांढरी साडी नेसावी. ती आपल्याला आवडते आणि तिचे स्थान तिथे आहे. वंदना संपल्यावर घरी जाऊन कपडे बदलायला दहा मिनिटे लागतात. मंडळांनी चालण्यासाठी एकाच रंगाच्या साडीचा ठराव करू नये एवढी मात्र आमची विनंती आहे. हा धोका खरा आहे, कारण आपल्याकडे चार बायका जमल्या की आधी साडीचा रंग ठरतो.

काही अडचणी कपड्यांपलीकडच्या आहेत. बाहेर शौचालय नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, मग लघवीची जळजळ आणि संसर्ग मागे लागतो. म्हणून वाट अशी आखावी की मध्ये एखादे स्थानक यावे, आणि पाणी घोटघोट पीत राहावे. तुळशी पाईप रोडवर रविवारी सकाळी आठच्या आत चालावे. नंतर वाहनांचा धूर छातीत घेण्यात अर्थ नाही. मान वर करून चालायचे नाही. चित्र बघायचे तर फुटपाथवर थांबून बघायचे. छातीत दुखते, दम लागतो, चक्कर येते अशांनी आधी डॉक्टरांना विचारावे. सून, मुलगी, शेजारीण अशा पाच-सहा जणी असल्या की कोणी टक लावून बघत नाही आणि बघितले तरी फरक पडत नाही.

सुरुवात कुठून करायची तर आमचे मत वरळीपासून. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी आता पाडल्या जात आहेत. लोकांना चांगली घरे मिळत आहेत, मिळायलाच हवीत. पण १९७४ च्या वरळीच्या दंगलीच्या खुणा अंगावर घेऊन उभ्या असलेल्या या चाळींबरोबर त्यांच्या भिंतींवरची चित्रेही जाणार. नव्या टॉवरच्या भिंतीवर सोसायटी पेंटरला शिडी लावू देईल का, ते आताच विचारून घ्यावे. तोवर जे उभे आहे त्याचे फोटो काढा, कोपऱ्यातले पेंटरचे नाव आणि साल वहीत उतरवून घ्या, आणि शेजारच्या म्हातारबाबांना विचारा की त्याच्याआधी त्या भिंतीवर काय होते.